चार नंबरच्या टेबलावरची मीटरपट्टी

आमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये चार नंबरच्या टेबलाला एक मीटरपट्टी सुतळीने बांधलेली होती. त्या टेबलावरच्या प्रयोगाला तिची गरज लागायची नाही. तरी दरवर्षी प्रॅक्टिकल परीक्षेच्या सकाळी लालामामा तिची सुतळी तपासायचे, ओल्या फडक्याने तिला पुसायचे आणि पोरांच्या हाताशी येईल अशी ठेवायचे. तेरा वर्षांत एकाही पोराने तिला हात लावला नव्हता.

लालामामा म्हणजे लालासाहेब, आमचे लॅब अटेंडंट. आष्ट्याजवळच्या या कॉलेजात बी.एस्सी.ची पहिली तुकडी बसली तेव्हापासून ते इथे होते. प्राध्यापक आले, गेले, कुणी संस्थाचालकांशी भांडून गेले, पण कुठल्या गॅल्व्हानोमीटरचा काटा चिकटतो आणि कुठली लेन्स चरे पडलेली आहे हे फक्त मामांना ठाऊक. मी इथेच शिकले, आणि आता इथेच तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे मला पगार तासावर आणि मान अर्ध्या तासावर. मामा मात्र मला 'मॅडम' म्हणतात. पहिल्या वर्षाला असताना याच माणसाने मला बीकर फोडल्याबद्दल लॅबबाहेर उभं केलं होतं.

चार नंबरच्या टेबलावर बार पेंडुलम असायचा. मीटरभर लांब लोखंडी बार, त्याला ओळीने भोकं. एकेका भोकात पातं घालून तो टांगायचा, हलकेच झुलवायचा, वीस झोके मोजायचे आणि घड्याळ बघायचं. कुठलं भोक किती अंतरावर आहे ते टेबलावर चिकटवलेल्या कागदावर छापलेलं होतं: पाच, दहा, पंधरा सेंटिमीटर. त्यावरून आलेख काढायचा आणि 'जी' काढायचा, म्हणजे पृथ्वी वस्तूला किती जोरात ओढते तो आकडा. पुस्तकात तो नऊशे ऐंशी.

आता खरी गोष्ट सांगते. आमच्याकडे नऊशे ऐंशी कुणी काढत नाही. आधी उत्तर लिहायचं, मग उलटं गणित करत वेळा भरायच्या. मीही तेच केलं होतं. माझं पहिल्यांदा नऊशे पासष्ट आलं, तेव्हा बत्तीस पूर्णांक चार सेकंदाचे बत्तीस पूर्णांक एक केले, बाकीच्या वेळाही त्याच मापाने खाली ओढल्या आणि नऊशे ब्याऐंशीवर येऊन थांबले. बरोबर नऊशे ऐंशी लिहिलं तर संशय येतो, एवढी अक्कल आम्हाला पहिल्या वर्षातच आली होती. वीसपैकी एकोणीस मार्क मिळाले. एक मार्क अक्षराचा गेला.

हे मी स्टाफरूममध्ये हसत हसत सांगायची. सगळे हसायचे. लालामामा चहा घेऊन आलेले असले की कप ठेवून लगेच निघून जायचे.

मामांची एक खोड सगळ्यांना माहीत होती. ते मोजतात. जिना चढताना पायऱ्या मोजतात, बाग झाडताना झाडूचे फरकाटे मोजतात. वीस झाले की थांबतात आणि पुन्हा एकपासून सुरू करतात. त्यांची बायको चंद्राबाई एकदा मला म्हणाली, "मॅडम, ह्यास्नी कायतरी लागीर झालंय. जेवताना घास मोजत्यात. इसावा घास खाल्ला की ताट सारत्यात. देवरुषी झाला, डाक्टर झाला. कायबी फरक न्हाई."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. फिजिक्स शिकवणाऱ्या बाईने ठेवूही नये. पण गेल्या मे महिन्यात पेपर तपासणीसाठी मी भर दुपारी लॅबची किल्ली मागायला गेले, तेव्हा जे पाहिलं ते मला आवडलं नाही. खिडक्या बंद, पंखे बंद. चार नंबरच्या टेबलासमोर मामा स्टुलावर बसले होते आणि बार झुलत होता. बारीक, एकसारखा, पात्यावर टिक टिक करत. मामांचे दोन्ही हात मांडीवर होते.

"मामा, कोणी हलवला?"

"कोण न्हाई, मॅडम. दरवाजा उघडला की हलतोय. न्हाई उघडला तरी हलतोय. मी आपला मोजतो. इसाला थांबतोय त्यो."

मी पुढे होऊन बार हाताने धरला. धरवत नव्हता, पण धरला. लोखंड गार होतं.

"मामा, तुम्ही जूनमध्ये रिटायर होताय. ही पट्टी इथे का बांधलीत, ते तरी सांगून जा."

त्यांनी पट्टीची सुतळी हाताने सरळ केली. मग त्यांनी मला जे सांगितलं ते ऐकून मी समोरच्या स्टुलावर बसले, ती उठायचं विसरले.

तेरा वर्षांपूर्वी, आमच्याच परीक्षेच्या आधी, जुना बार गंजून मधे तुटला. हेडसरांनी मामांना सांगितलं, बघा काहीतरी. मामा हाताचे कसबी. त्यांनी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नवीन बार करून घेतला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि नांगर दुरुस्त करणारं वर्कशॉप ते. तिथे सगळी मापं इंचात आणि सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात. मामांनी सांगितलं, "दोन दोन इंचावर भोकं पाड." पाच सेंटिमीटर म्हणजे दोन इंचच की, असा हिशोब. आपल्याकडे निम्म्या लोकांचा हाच हिशोब असतो. पण दोन इंच म्हणजे पाच पूर्णांक शून्य आठ सेंटिमीटर. केसाएवढा फरक. त्या केसाने 'जी' नऊशे ऐंशीवरून नऊशे पासष्टच्या आसपास येतो. टेबलावरचा कागद मात्र जुनाच राहिला.

परीक्षेच्या दिवशी सकाळच्या बॅचला तो बार माझ्या वाट्याला आला. दुपारच्या बॅचला चिठ्ठी निघाली उत्कर्षाची.

उत्कर्षा जतच्या बाजूची. घरी मेंढरं, आणि अलीकडे थोडी शेती. बाप अर्जुना, उन्हाळ्यात कळप घेऊन खाली नदीकाठी यायचा. त्या घरातून कॉलेजात आलेली ही पहिलीच. भावकीत ठरलेलं होतं, पहिल्या वर्षी नापास झाली तर परत घरी. ती कमी बोलायची आणि सगळं दोनदा मोजायची. आम्ही तिला चिडवायचो.

"तिचं नऊशे चौसष्ट आलं," मामा म्हणाले. "परत केलं. परत तेच. मग माझ्याकडं आली, म्हणाली, मामा, भोकातलं अंतर बघायचंय, मीटरपट्टी द्या. मॅडम, त्यो बार मीच करून आणलेला. पट्टी तिनं लावली असती की सगळं भाईर पडलं असतं. जूनमधी माझी परमनंटची फाईल जाणार हुती. बार कुणी केला, कुणाला इचारून केला, असं झालं असतं. मी म्हणलं, पट्टी न्हाई. पट्टी कपाटात हुती. किल्ली माझ्या कमरंला हुती."

बाहेरचे परीक्षक गरम डोक्याचे होते. उत्कर्षाचा पेपर हातात धरून ते सगळ्यांसमोर म्हणाले, की जतच्या लोकांसाठी पृथ्वी वेगळी आहे वाटतं. तिने आकडा बदलायला नकार दिला. तोंडी परीक्षेत ती एवढंच म्हणाली, की मला आलं ते मी लिहिलं. परीक्षकांनी तो उर्मटपणा समजला. प्रॅक्टिकलमध्ये ती नापास झाली.

"चार दिसांनी तिचा बाप आला," मामा पुढे म्हणाले. "खांद्यावर घोंगडं, हातात तिची ट्रंक. मला इचारलं, 'आवं, पोरगी मोजायला चुकली म्हणत्यात. आमच्या घरात मोजायला कोण चुकत न्हाई. ही सात वर्साची असल्यापासनं तीनशे मेंढरं मोजती. खरं सांगा, चुकली व्हय?' मी म्हणलं, 'चुकतंय माणूस कवा कवा.' त्यो माझ्याकडं बघत राहिला. मग तिला घिऊन गेला. त्या दिसापासनं ह्यो बार हलतोय."

खाई त्याला खवखवे म्हणतात. पण पट्टी बांधण्यामागचं कारण ऐकल्यावर मला त्यांचा राग धरता येईना. "म्हणलं, एकानं तरी पट्टी उचलावी," मामा म्हणाले. " एकानं तरी मोजावं. मग मी सगळं कबूल करीन. तेरा वर्सं झाली, मॅडम. सगळ्यांचं नऊशे ऐंशीच येतंय."

"आता तिला सांगायचं," मी म्हणाले. मोठ्या तोऱ्यात म्हणाले. जणू काही ही चूक एकट्या मामांचीच होती.

उत्कर्षाचा पत्ता काढायला मला तीन आठवडे लागले. ती लग्न होऊन शिरवळला होती, तिथल्या एका कारखान्यात पॅकिंगला. रविवारी मामा आणि मी एसटीने निघालो. मामांनी बार गोणपाटात गुंडाळून दोन्ही गुडघ्यांत धरला होता. कंडक्टरने विचारलं, हे काय, तर म्हणाले, "एका बाईची वस्तू हाय." प्रवासभर त्यांचे ओठ हलत होते.

तिची दोन खोल्यांची जागा होती. तिने मामांना लगेच ओळखलं, मला जरा उशिराने. चहा टाकताना ती साखरेचे चमचे मोठ्याने मोजत होती, आणि मोजून झाल्यावर डबा बंद करून पुन्हा उघडून बघत होती. माझं लक्ष गेलेलं पाहून ती ओशाळली. "सवय झालीय. कारखान्यात पन्नासच्या पेट्या भरायच्या असतात. बाकीच्या एकदा मोजतात, मी तीनदा. सुपरवायझर ओरडतो. पण माझा माझ्या मोजण्यावर भरोसा नाही."

मामांनी गोणपाट सोडलं. बार तिच्या पुढ्यात ठेवला आणि वर सुतळीसकट ती मीटरपट्टी ठेवली. 

"मोज, पोरी."

तिने एका भोकापासून शेजारच्या भोकाचं अंतर मोजलं नाही. मोठं अंतर घेतलं की चूक लहान होते, हे तिला तेरा वर्षांनीही आठवत होतं. पहिल्या भोकापासून अकराव्या भोकापर्यंत तिने पट्टी धरली, डोळा बरोबर वर आणला आणि वाचलं, "पन्नास पूर्णांक आठ." पट्टी उलटी करून पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा.

"म्हणजे मी चुकले नव्हते."

"न्हाई."

"तवा पट्टी होती?"

"व्हय. कपाटात. मी दिली न्हाई." मामा रडायला लागले. म्हाताऱ्या माणसाचं रडणं बघवत नाही. "तुझ्या बापालाबी मी खोटं बोललो. तूच चुकलीस म्हणलं. त्येला भेटून पाय धरायचं हायत मला."

"आबा गेले, मामा. दोन वर्षं झाली." ती बारवरून बोट फिरवत होती. "त्या दिवसापासनं त्यांनी मला कधी मेंढरं मोजायला लावली नाहीत. माहेरी गेले तरी नाही. फक्त सांजच्याला भावाला हाक मारायचे, ये, मोज म्हणून. मी तिथंच उभी असायची."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. मामांपुढे पाण्याचा तांब्या ठेवला, आणि मग काहीतरी आठवल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं.

"संयोगिता, सकाळच्या बॅचला हाच बार तुला होता ना?"

"हो."

"किती आलं होतं तुझं?"

स्टाफरूममध्ये शंभरदा हसत सांगितलेली गोष्ट होती ती, पण या वेळी मी चहाचा कप खाली ठेवला. "नऊशे पासष्ट," मी म्हणाले. "लिहिलं ब्याऐंशी."

तिने मान हलवली. आवाज अजिबात चढला नव्हता. "तू पासष्ट लिहिलं असतंस, आणि माझं चौसष्ट. दोघींचं सारखंच आलेलं बघून सरांनी बार मोजला असता गं."

बार तिने ठेवून घेतला. पट्टी परत दिली.

परतीच्या एसटीत मामा खिडकीला डोकं टेकवून झोपले. तोंड उघडं, ओठ स्थिर. साताऱ्याला गाडी थांबली, माणसं चढली-उतरली, तरी ते जागे झाले नाहीत. पट्टी माझ्या मांडीवर होती. मी बाहेर बघत होते. विजेचे खांब मागे जात होते. सतरा, अठरा, एकोणीस, वीस. मग पुन्हा एक.