गुरुजींच्या दारातला पळस

उंद्रीजवळच्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीचं इंग्रजी शेषराव गुरुजींकडे आहे, आणि तो त्यांच्या डोक्याला ताप आहे. पुस्तक उघडलं की मुलं जांभया देतात, म्हणून त्यांनी वर्गच पटांगणातल्या झाडांखाली नेला. लीफ, रूट, ब्रँच, सगळं हात लावून शिकायचं. वरून रोज एक वाक्य: 'डोन्ट कट द ट्री.' शाळेतला दुसरा शिक्षक मी; मी चिडवायचो, "गुरुजी, ही शाळा आहे की वनखातं?"

दुसरीतली छकुली मात्र सव्वा वर्षात इंग्रजीचा एक शब्द बोलली नव्हती. झाडांना पाणी घालायला सगळ्यांत पुढे, पण बोल म्हटलं की ओठ घट्ट. तिच्यापायी गुरुजींनी जिवाचं रान केलं. "पोरगी अशीच तिसरीत गेली तर मीच नापास," म्हणायचे.

पोळ्याला आमच्याकडे दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या उभ्या करतात. गुरुजींनीही सकाळी बांधावरून हिरव्यागार फांद्या तोडून आणल्या. जन्मभर आणत आलेत, त्यात विचार कसला करायचा? संध्याकाळी भगवानराव बैलजोडी घेऊन दारी आले, सोबत त्यांची लेक छकुली. गुरुजींच्या बायकोने, सरस्वतीबाईंनी, बैलांच्या पायांवर पाणी घातलं, पुरणपोळी भरवली. मी तिथेच होतो. छकुली आधी फांद्यांकडे बघत राहिली, मग गुरुजींकडे. आणि खणखणीत बोलली, "सर कट द ट्री."

"काऊन वं, गुरुजीले असं बोलतात काय?" भगवानरावांनी डोळे वटारले.

"थांबा हो, तिले रागावू नका," गुरुजी म्हणाले. बैल गेल्यावर मला म्हणाले, "पोरगी बोलली म्हणून पेढे वाटू, का तोंड लपवू? मले काहीच समजून नाही राह्यलं."

"मग फांद्या काढून टाका."

"अन् पोळ्याचं काय?" सरस्वतीबाई आतून कडाडल्या. फांद्या दारातच राहिल्या.

सुटी संपून शाळा भरली. गुरुजींनी भीत भीत विचारलं, "छकुले, पोळ्याले माह्या दारात काय म्हटलं होतं तू?" तिने उभं राहून तेच म्हटलं. एकाने वाक्य म्हटलं की बाकीच्यांनी ते तीनदा म्हणायचं, ही गुरुजींनीच लावलेली शिस्त. तेवीस पोरं एका सुरात ओरडली, "सर कट द ट्री!" गुरुजींनी थांबवायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. तिसऱ्या वेळी त्यांचाही आवाज त्यात होता.