राजेंद्र बोरसेची आरामाची बॅग

नंदुरबारचा राजेंद्र बोरसे उंचीला सव्वासहा फूट. तो स्वतःच म्हणतो, "देवानं माले पाय देताना हात सैल सोडा, आन अक्कल देताना मूठ आवळी." त्याचं काम मिरची दळायची मोठी यंत्रं बसवण्याचं आणि बिघडली की दुरुस्त करण्याचं. त्याच्या कारखान्याची यंत्रं कोचीपासून गुवाहाटीपर्यंत गेलेली, त्यामुळे महिन्यातून दोन-तीनदा तरी रेल्वेने सुरत गाठायची आणि तिथून विमान धरायचं. सहा वर्षं हेच चाललेलं.

पहिल्या वेळेला तो हत्यारांची पिशवी खांद्याला लावून थेट तपासणीला गेला होता. जवानाने चेन उघडली. आत पाने, पक्कड, हातोडी, आणि तळाला वर्षानुवर्षं साचलेली मिरचीची भुकटी. जवान शिंकला, त्याच्या बाजूचा शिंकला, मग रांगेतले सात-आठ जण शिंकले. एक आजीबाई तर "अरे बंद कर ती!" म्हणून ओरडल्या. हत्यारं तिथेच राहिली आणि राजेंद्र कोचीला मोकळ्या हातांनी उतरला. परक्या कारखान्यात उभं राहून "पाना आहे का हो?" असं विचारणारा कारागीर, म्हणजे बिनवस्तऱ्याचा न्हावी! त्या दिवशी त्याने ठरवलं, आता विमानप्रवासात आपल्याला कोणी हसायला नको.

हत्यारं खाली जाणाऱ्या मोठ्या बॅगेत गेली, ते बरं झालं. पण मग त्याने आरामाचं मनावर घेतलं. गुडघे पुढच्या खुर्चीत रुतायचे, मान लटकायची, पाय सुजायचे. प्रत्येक दुखण्याला त्याने एक वस्तू आणली. आधी मानेभोवतीची उशी. मग डोळ्यांवरची पट्टी, कानातले बोळे. मग गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे, जे चढवायला गायत्रीला, म्हणजे त्याच्या बायकोला, समोर बसून ओढावं लागे. पाय ठेवायला एक छोटा झोपाळा, तो पुढच्या खुर्चीला अडकवला की पुढचा माणूस दचकून मागे बघायचा. आणि पाठीला हवेची उशी. ही उशी विमान वर गेलं की आपोआप आणखी फुगायची आणि राजेंद्रला पुढे ढकलायची. दिल्ली येईपर्यंत तो निम्मा खुर्चीबाहेर असायचा. तरी मिरची वाळत घालतात त्या पथारीवर, लग्नाच्या पंगतीत, जिथे चार माणसं भेटतील तिथे तो सांगायचा, "विमानमा बसनं सोपं शे, आरामात बसनं शिकनं पडस."

गेल्या जानेवारीत दिल्लीचं काम निघालं. गायत्रीने त्याची हातातली बॅग उघडून पाहिली.

"अहो, हाई बॅगमा तुम्हना कपडा कोठे शेतस?"

"कपडा मोठी बॅगमा शेतस. हाई बॅग आरामनी शे."

"स्वेटर तरी ठेवा वर."

"जागा नही शे."

"मंग तुम्हीच बसा ना तिन्हामा!" गायत्री म्हणाली आणि मोजे चढवायला खाली बसली.

सुरतेहून विमानात बसला तर शेजारच्या खुर्चीवर एक पन्नाशीची बाई. मांडीवर कापडी बोचकं, केसांना तेल, गळ्यात चांदीची हसळी. बोचक्यावर रंगाने 'मोलगी भगर' लिहिलेलं. मोलगी नंदुरबार जिल्ह्यातलंच, त्यामुळे राजेंद्रला गावचं माणूस भेटल्याचा आनंद झाला. तिचं नाव रमिलाबाई. मोलगीजवळच्या पाड्यावरची, बचत गटाची भगर घेऊन दिल्लीच्या प्रदर्शनाला निघालेली. सोबत गटातली कमलीबाई येणार होती, पण तिला ताप आला म्हणून ही एकटीच.

राजेंद्रने एकेक वस्तू काढून अंगावर चढवायला सुरुवात केली. रमिलाबाई बघत राहिली. मानेभोवती उशी आली तेव्हा तिने काळजीने विचारलं, "भाऊ, मान मोडली का तुझी?"

"नाही बाई, ही आरामाची उशी."

"आन पायाला काय झालं?"

"काही नाही झालं. होऊ नये म्हणून."

तिने मान हलवली. राजेंद्रला वाटलं, बाई पहिल्यांदाच विमानात बसली असणार, हिला चार गोष्टी शिकवाव्यात. त्याने व्याख्यान सुरू केलं. जड आणि महत्त्वाचं सामान खाली टाकावं, हातात फक्त प्रवासात लागणाऱ्या वस्तू ठेवाव्यात.

"खालचं सामान हरवलं तर?" तिने विचारलं.

"सहा वर्षांत नाही हरवलं."

"आम्ही ऊसतोडीला जायचो गुजरातला," ती म्हणाली. "अख्खं घर ट्रकमधी. भांडी, कोयते, कोंबड्या, पोरं. रात्री कुठं उतरवतील ठाव नसायचं. उतरल्या उतरल्या जे लागंल ते मी कमरेला बांधायची. अंथरूण, भाकर, काडेपेटी. बाकीचं ट्रकबरोबर मागं राहिलं तरी पोरं उपाशी, थंडीत नाय राहिली." मग सहज म्हणाली, "या विमानात नववी बारी माझी. काडेपेटी तेवढी नाय आणू देत."

एवढं बोलून तिने पाय खुर्चीवर घेतले, मांडी घातली, बोचक्यातली गोधडी काढून खांद्यावर ओढली आणि विमान धावायच्या आतच ती झोपली. राजेंद्रने पट्टी लावली, बोळे घातले, झोपाळा अडकवला. पाठीची उशी फुगली. पुढचा माणूस दोनदा मागे वळला. दीड-पावणेदोन तास राजेंद्र आरामाशी कुस्ती खेळत होता आणि कानातल्या बोळ्यांतूनही त्याला शेजारचं घोरणं ऐकू येत होतं.

दिल्लीत सामानाचा पट्टा फिरला. रमिलाबाईची भगरीची पोती आली. सगळ्यांचं आलं. पट्टा रिकामा फिरू लागला तरी राजेंद्र बघतोच आहे. मोठी बॅग दुसऱ्याच कुठल्या गावी गेली होती. उद्या येईल, असं खिडकीवरच्या मुलीने सांगितलं आणि हिंदीत विचारलं, "आत्ता तुमच्याजवळ काय काय आहे?"

राजेंद्रने खरं ते सांगितलं. दोन उशा, एक झोपाळा, एक पट्टी, बोळे. मुलीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा मागे उभ्या रमिलाबाईकडे, आणि मग हळूच विचारलं, "हे आजारी आहेत का?"

"नाय," रमिलाबाई म्हणाली, "होऊ नये म्हणून."

राजेंद्रला आधी लाज वाटली, मग इतकं हसू आलं की त्याला काउंटर धरावं लागलं. बाहेर मात्र हसू गोठलं. धुकं, दात वाजवणारी थंडी, आणि अंगात नंदुरबारचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. रमिलाबाईला घ्यायला प्रदर्शनवाल्यांची गाडी आली होती. तिने बोचकं सोडलं आणि गोधडी त्याच्या अंगावर टाकली.

"अहो बाई, तुम्हाला?"

"आम्हाला तिथं रजया देतात. तू घे. मोलगीच्या बाजारात आणून दे."

दिल्लीच्या कारखान्याचा मालक नंदुरबारहून येणाऱ्या इंजिनिअरची वाट बघत दारात उभा होता. टॅक्सीतून उतरला तो रंगीबेरंगी गोधडी पांघरलेला उंच माणूस, मानेला उशी. ती काढायचं राजेंद्रच्या ध्यानातच नव्हतं. मालकाने वॉचमनला खूण केली, वॉचमन म्हणाला, "बाबा, आगे जाओ." ओळख पटवायला फोन लावावा लागला. मग राजेंद्रने तिथल्याच कामगारांकडून मागून घेतलेल्या पान्यांनी यंत्र खोललं, झिजलेलं बेअरिंग शोधलं आणि मिरचीच्या भुकटीपायी नाकाला डोळ्यांची पट्टी बांधून संध्याकाळपर्यंत काम उरकलं. तेवढाच त्या पट्टीचा उपयोग.

पंधरा दिवसांनी गायत्रीने धुऊन घडी घातलेली गोधडी घेऊन तो बसने तळोद्याला आणि तिथून जीपने मोलगीला गेला. जीपमध्ये सोळा माणसं आणि दोन बोकड होते. राजेंद्रचे गुडघे हनुवटीला टेकलेले. तरी घाट चढताना त्याला झोप लागली, हे त्याचं त्यालाच नवल वाटलं. बाजारात भगरीच्या ढिगामागे बसलेल्या रमिलाबाईने गोधडी उलगडून पाहिली, वास घेतला आणि म्हणाली, "साबण लई घातला." मग त्याला मोहाच्या झाडाखाली बसवून भाकर आणि उडदाची डाळ खायला लावली, आणि शेजारच्या बायकांना त्याच्यासमोरच सगळी हकीकत सांगितली. तिची बोली राजेंद्रला निम्मीच कळली, पण कुठे हसायचं ते कळलं. बायकांच्या आधी तोच हसत होता.

त्यानंतर त्याने पथारीवर व्याख्यान देणं सोडलं. पुढच्या खेपेला हैदराबादला निघताना हातातल्या बॅगेत स्वेटर, दोन भाकरी आणि चादर घेतली, आणि अगदी सुटसुटीत निघालो म्हणून स्टेशनवर खुशीत शीळ घालत उभा राहिला. गाडी सुटायला दहा मिनिटं असताना गायत्री रिक्षाने धापा टाकत आली आणि त्याचं आधार कार्ड त्याच्या हातात कोंबून म्हणाली, "हाई घर कोनकरता ठेवं? माले जानं शे का हैदराबादले?"