कडू लागते का गोड?

शेलूबाजारजवळच्या आमच्या गावात 'विषाणू' हा शब्द पहिल्यांदा मीच नेला असेल. नेला नसता तर बरं झालं असतं.

सत्तरच्या दशकात मी नागपुरात एका प्रयोगशाळेत सहायक होतो. शस्त्रक्रियेत काढलेल्या कातडीचा बारीकसा तुकडा बाटलीत वाढवायचा, पेशी भरपूर झाल्या की त्यांत माकडांमध्ये सापडलेला, उंदरांना गाठी आणणारा एक विषाणू सोडायचा, आणि काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजायची, हे माझं काम. निरोगी पेशीत सेहेचाळीस. विषाणू शिरला की सगळा गोंधळ. कुठं एखादं तुटलेलं, कुठं दोन एकमेकांना चिकटलेली, कुठं भलतीच जास्त. चांगल्याभल्या कातडीची ती दशा मला बघवायची नाही. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, मात्र खूश व्हायचे.

एकदा ते विषाणूचं पाणी भरलेली काचनळी हातातच फुटली आणि बोट कापलं. सरांनी स्पिरिट ओतलं. म्हणाले, "घाबरू नका, माणसाला यानं काही झाल्याचं अजून कुणी पाहिलेलं नाही." त्या 'अजून'नं माझी झोप उडवली. चार दिवसांची रजा टाकून गावाकडची एस.टी. धरली.

घरी माझी तीन महिन्यांची मुलगी होती. बायकोनं ती पुढं केली तर मी हात पाठीमागं घेतले. आज थकलोय, उद्या सर्दी आहे, अशी दोन दिवस टोलवाटोलवी केली. बायको बोलेनाशी झाली. शेवटी मायनं परसात गाठलंच.

"काहून रे, लेकीले हात लावून नाई राह्यला? पोरगी झाली म्हनून का?"

ते फार लागलं. खरं सांगून टाकलं. "तसं नाई माय. बोटातून विषाणू गेला असन. तिले लागन म्हनून भेव वाटते मले."

मायनं त्यातलं विष तेवढं ऐकलं.

"इख? आन् दोन दिवस गप बसला?"

आमच्याकडं साप चावलेल्या माणसाला कडुनिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष चढलेलं नाही, गोड लागला तर चढलं. मायनं परसातल्या झाडाचा मूठभर पाला ओरबाडून माझ्या तोंडात कोंबला.

"चाव. कडू लागते का गोड?"

मी विज्ञानाचा पदवीधर. कडुनिंबाला गुणसूत्रातलं काही कळत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी पाला जिभेवर आला आणि मी चव शोधायला लागलो. तोंडाला कोरड पडलेली, क्षणभर कसलीच चव लागेना. माय माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होती. मग एकदम घशापर्यंत कडू उतरलं.

"कडू," म्हणालो आणि मला रडूच फुटलं.

"मंग घे," म्हणत मायनं पोरगी आणून माझ्या मांडीवर ठेवली. केवढीशी होती ती, आणि कसली गरम.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाळण्यात रडायला लागली. मी आधी परसात गेलो, कुणी बघत नाही याची खात्री केली, दोन पानं तोडून चावली, आणि मगच तिला उचललं.