स्टेशनचे बिनपगारी साहेब

बाबा कारखान्यातून निवृत्त झाले आणि आमच्या घरात तपासणी खातं उघडलं. एकतीस वर्षं त्यांनी देवासच्या एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग मोजले होते. केसाएवढा फरक निघाला तरी भाग बाजूला काढून ठेवायचा, ही त्यांची नोकरी. आता मोजायला आई, मी आणि आमचं लहानसं घर एवढंच उरलं. खिडकीची चौकट ओळंब्यात आहे का, दार जमिनीला घासतं का, हे रोज बघून व्हायचं. आईच्या पोळ्यांबद्दल ते कधी काही बोलले नाहीत, नुसते बघायचे. पण इतक्या वर्षांच्या संसारानंतर नुसतं बघणंही पुरतं. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे दिवसभर सुटका व्हायची. आईची होत नसे.

म्हणून स्टेशनचं काम निघालं तेव्हा गावात सगळ्यात जास्त आनंद माझ्या आईला झाला.

काम मोठं होतं. नवी इमारत, पुलाला लिफ्ट, चढायला रॅम्प, बाहेर गाड्यांना नवा रस्ता, मधे बाग. समोरच्या पोह्यांच्या गाड्या रस्त्यापलीकडे गेल्या, निळे पत्रे उभे राहिले, आणि पोहे खाणारा प्रत्येक माणूस दुसऱ्याला सांगू लागला, "भिया, एअरपोर्ट बन रिया है." बाबा तोवर सकाळी देवीच्या टेकरीच्या पायथ्यापर्यंत फिरायला जात. ते आता स्टेशनकडे वळू लागले. दोन पत्र्यांमधल्या फटीतून आत बघायचं आणि घरी येऊन आईला खबर द्यायची. आई भाजी चिरता चिरता "हो का" म्हणायची.

एक दिवस पहारेकऱ्यानं त्यांना हटकलं. इथे उभं राहू नका, डोक्यात काही पडेल. बाबांना ते पटलं. दुसऱ्या दिवशी ते कारखान्यातलं जुनं पिवळं हेल्मेट घालून गेले. हेल्मेट बघून पहारेकऱ्यानं सलाम ठोकला आणि फाटक उघडलं. बाबांचं पुढे म्हणणं असं पडलं, की कुणी एवढ्या आदरानं फाटक उघडल्यावर आत न जाणं उद्धटपणाचं झालं असतं.

आत गेल्यावर फरशी बसवणाऱ्यांनी विचारलं, साहेब कुठले? बाबा म्हणाले, "क्वालिटीसे हूँ." खोटं म्हणाल तर इतकंच, की 'होतो' म्हणायच्या जागी 'आहे' झालं. त्या दिवसापासून ते खिशात टेप आणि पातळी बघायची पाणसळ घेऊन जाऊ लागले. घरातली तपासणी बंद पडली. आईनं कारण विचारलं नाही. चांगलं चाललेलं असताना चौकशी करू नये, हे तिचं धोरण.

मला कळलं ते असं. शाळेतल्या एका बाईंना गाडीवर पोचवायला मी स्टेशनला गेले होते. तात्पुरत्या वाटेनं परत येताना पत्र्यांच्या आत बघते तर माझे वडील प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून चहा पीत होते. समोर जाकीट घातलेली एक तरुण इंजिनिअर नकाशा धरून उभी होती, आणि बाबा जे सांगत होते ते वहीत लिहून घेत होती.

संध्याकाळी मी विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं मोठ्या उत्साहानं सांगितलं. मुलगी जवळच्याच बागली गावची. घरी मराठी, पण शाळा सगळी हिंदीतून. बाबांची हिंदी ऐकून तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं आणि म्हणाली होती, "सर, आमच्या घरी पण मराठीच बोलतात, थोडी-थोडी." नवा रॅम्प बाबांनी मोजला. एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी, तिथे जेमतेम आठ भरत होती. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस वर जाईल कसा आणि उतरताना थांबेल कसा? तिनं पुन्हा मोजलं, मान हलवली आणि रॅम्प तोडून नवा बांधायला घेतला.

मी विचारलं, "उद्या खरे साहेब आले आणि म्हणाले की रॅम्प कुणाच्या हुकमानं तोडला, तर ती पोरगी काय सांगणार?"

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. हा विचार त्यांच्या मनात आलाच नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्या रात्री ते पुढे जेवले नाहीत.

खरं सांगून टाकायचं, हे त्यांनी ठरवलं. पण तोंडानं सांगायचा धीर होईना. तीन सकाळी ते गेले आणि चहा पिऊन परत आले. शेवटी पत्र लिहायचं ठरलं. त्याच आठवड्यात धारहून आत्याबाई आल्या होत्या. बाबांची ही थोरली बहीण. त्यांचं सासर म्हणजे धारच्या दरबारात पिढ्यानुपिढ्या लिखापढी केलेलं घर. त्यांची मराठीही त्याच काळात थांबलेली. पत्र म्हटल्यावर त्या सरसावून बसल्या. बाबा साधं लिहू बघत होते, त्या खोडून पुन्हा लिहायला लावत होत्या. 'मी साहेब नाही' हे सरळ वाक्यही त्यांनी कोरडं म्हणून खोडलं. शेवटी ठरलेला मजकूर मला अजून पाठ आहे: "माझिया चेष्टेपायी आपणांस जी यातायात पडली, तिजबद्दल आपण द्याल ती शिक्षा मजला शिरसावंद्य आहे." बाबांनी पाकीट पहारेकऱ्याच्या हाती दिलं आणि तिथूनच माघारी फिरले.

चार दिवस काही उत्तर नाही. बाबा घरातच होते. त्यांनी सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. आई माझ्याकडे बघायची, मी आत्याबाईंकडे.

पाचव्या दिवशी दुपारी ती इंजिनिअर दारात उभी. एका हातात नकाशाची गुंडाळी, दुसऱ्यात मिठाईचा डबा. आली ती उत्साहातच. तिनं पलंगावर नकाशा पसरला आणि म्हणाली, "सर, तुम्ही यातायातचं लिहिलं होतं ना, ते सगळं करून आणलं."

आम्हाला कुणालाच कळेना. ती सांगत गेली. फाटकाशी ऑटो आणि मोटारी एकमेकांत अडकणार होत्या, ते तिला आधी सुचलंच नव्हतं. पत्र वाचल्यावर तिनं दोन सकाळी उभं राहून ऑटो मोजले आणि दोघांचे रस्ते वेगळे काढले. म्हाताऱ्या माणसांना उतरायला रॅम्पच्या तोंडाशीच जागा ठेवली. तिच्या मोठ्या साहेबांनाही ते आवडलं. आणि शिक्षेचंही तिनं बघितलं होतं. ऑटोवाल्यांना गोळा करून दोन दिवस शिकवायचं ठरलं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पत्र तिनं हिंदीतून वाचलं होतं. आमची चेष्टा म्हणजे थट्टा, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आमची यातायात म्हणजे त्रास, तिची यातायात म्हणजे रस्त्यावरची रहदारी. आम्ही शिक्षा भोगतो, ते लोक शिक्षा घेतात, म्हणजे शिकतात. 'शिरसावंद्य' हे तिला एखाद्या मोठ्या हुद्द्याचं नाव वाटलं होतं.

मला हसू आवरेना. बाबांकडे पाहिलं आणि आवरलं.

आत्याबाई म्हणाल्या, "अगं मुली, ह्यानं तुझी माफी मागितली आहे."

बाबा उभे राहिले. "मी कुठला साहेब नाही," ते म्हणाले. "कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. तुमच्या पहारेकऱ्यानं सलाम केला आणि मी आत शिरलो. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

ती पलंगावरचा नकाशा गुंडाळू लागली. म्हणाली, "आणि रॅम्प?"

"रॅम्प चुकीचाच होता. ते माप खरं आहे."

"मी वहीत लिहिलंय, क्वालिटीच्या सरांनी सांगितलं म्हणून तोडला."

तिचे डोळे भरून आले. आईनं पाणी आणून दिलं, ते तिनं घेतलं, पण चहाला थांबली नाही. मिठाईचा डबा आमच्याकडेच राहिला. त्याला संध्याकाळपर्यंत कुणी हात लावला नाही, आणि आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडलं.

दुसऱ्या दिवशी बाबा हेल्मेट न घालता गेले आणि तिच्या मोठ्या साहेबांसमोर उभे राहून सगळं सांगून आले, हिंदीतून, म्हणजे गैरसमजाला जागाच नको. साहेबांनी टेप मागवला आणि नवा रॅम्प स्वतः मोजला. मग जुन्या रॅम्पचे फोटो बघितले. म्हणाले, तो पुढेमागे तोडावा लागलाच असता, आणि तेव्हा वर फरशीही बसलेली असती. त्यानंतर त्यांनी मुलीला ओळखपत्र न विचारल्याबद्दल चांगलं सुनावलं, पहारेकऱ्याला त्याहून जास्त सुनावलं, आणि बाबांना पासाशिवाय पत्र्यांच्या आत पाऊल टाकू नका म्हणून बजावलं. ऑटोंचा रस्ता मात्र तिनं काढला तसाच मंजूर झाला.

रॅम्प लोकांसाठी उघडला तेव्हा आत्याबाईंनी मुद्दाम धारहून फेरी केली. धारला अजून गाडी नाही. केस काळे असल्यापासून त्या लोहमार्ग येणार, येणार ऐकत आल्या आहेत, त्यामुळे दुसऱ्याच्या गावचं स्टेशन त्या जरा बारकाईनं बघतात. आम्ही प्लॅटफॉर्म तिकिटं काढली. त्या काठी टेकत, कुठेही न थांबता वर चढून गेल्या, आणि माथ्यावर मागून येणाऱ्या एका अनोळखी कुटुंबाला अडवून सांगू लागल्या की हे सगळं माझ्या धाकट्या भावामुळे. बाबा कठड्याशी तोंड फिरवून रुळांकडे बघत राहिले. ते कुटुंब उज्जैनला निघालं होतं, त्यांनी घाईघाईनं नमस्कार केला आणि गाडी गाठली.

बागलीची मुलगी महिनाभर आमच्याकडे फिरकली नाही. मग एका रविवारी आली आणि माझ्याशी बोलल्यासारखं करून बाबांना ऐकू जाईल असं म्हणाली की तिला मराठी नीट वाचायला शिकायचंय. आता ती एक रविवार सोडून येते. बाबा शुद्धलेखन घालतात, ती लिहिते, आई पोहे करते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका बाबा लाल पेन्सिलीनं बाजूला काढतात. त्या पोरीच्या वह्या आल्यापासून आईच्या पोळ्यांकडे पुन्हा कुणी बघत नाही.

स्टेशनचं काम अजून संपलेलं नाही. लिफ्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभी आहे, दुसऱ्या फलाटावरचं छप्पर अर्धंच झालंय, बागेच्या जागी वाळूचा ढीग आहे. बाबा तिला त्यातलं काही विचारत नाहीत. विचारायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलंय. धडा संपला की ते वही मिटतात, पेन्सिलीला टोक करतात आणि तिच्यासोबत दारापर्यंत जातात. तिथे चप्पल घालता घालता ती आपणहून सांगते, "काका, या आठवड्यात छपराचे चार खांब उभे राहिले." बाबा म्हणतात, "असं?" आणि ती निघून गेल्यावर आत येऊन आईला ते सगळं सविस्तर सांगतात.