दारावरची लाल झेंडी

मालगाडीच्या गार्डला जग कायम मागे जाताना दिसतं. शेवटच्या डब्याच्या कठड्याशी उभं राहिलं की बाभळी, म्हशी, फाटकाशी थांबलेल्या सायकली, हात हलवणारी पोरं, सगळं लहान होत होत पुसलं जातं. जयपूर ते फुलेरा या वाटेवर मी वर्षानुवर्षं असं उलटं जग पाहिलं. म्हणून पळायला लागलो तेव्हा पहिली गंमत हीच वाटली, की झाडं समोरून येतात आणि मोठी होत जातात.

पळायला लागलो लेकीमुळे. ती तेव्हा तिसरीत होती. तिच्या शाळेत हिवाळ्यात स्पोर्ट्स डे व्हायचा आणि त्यात पालकांची शर्यत असायची. दर वर्षी त्या दिवशी माझी गाडी कुठल्यातरी आडबाजूच्या स्टेशनात सिग्नलची वाट बघत उभी असायची. त्या उन्हाळ्यात ती म्हणाली, "बाबा, सगळ्यांचे पापा येतात. मतलब, या वेळी तुम्ही पक्का याल ना?" मी म्हणालो, पक्का. मालगाडीच्या गार्डनं पक्का म्हणणं म्हणजे निव्वळ थाप. पण ही थाप मला खरी करून दाखवायची होती. आणि नुसतं हजर राहून माझं भागणार नव्हतं, मला पहिलं यायचं होतं. इतक्या वर्षांची गैरहजेरी एका दमात भरून काढायचा तो माझा बेत होता.

आमच्या ड्यूटीला वेळापत्रक असं नव्हतंच. घरात मोबाइल अजून यायचा होता. ड्यूटीचा निरोप घेऊन कॉलमन सायकलवरून यायचा, सही घ्यायचा, की मी जेवणाचा डबा घेऊन निघायचो. त्यामुळे पळायची वेळ म्हणजे जी हाताला लागेल ती. फुलेऱ्याला रनिंग रूममध्ये, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या खोल्यांत, बाकीचे घोरत असायचे आणि मी कॅनव्हासचे बूट बांधून सांभरच्या खाऱ्या सरोवराच्या रस्त्याला लागायचो. दूरवर मिठाचा पांढरा पट्टा चमकायचा. तो कधी पाणी वाटायचा, कधी वाळत घातलेलं धोतर. झोप पुरती उतरलेली नसायची. पाय रस्त्यावर आणि डोकं अजून उशीवर. एकदा मला स्पष्ट जाणवलं की लेक शेजारून पळतेय, तिच्या फ्रॉकची सळसळही ऐकू येतेय. तिला जमावं म्हणून मी वेग कमी केला. बऱ्याच वेळानं कळलं की ती सळसळ माझ्याच पँटची होती.

जयपूरला परतलो की कॉलनीच्या मैदानाला फेऱ्या. बायको अमरावतीकडची, ती दारातून ओरडायची, "कायले पळून राह्यले जी? आत्ताच तं आले. दोन घास खा, पोरीजवळ बसा." मी म्हणायचो, पोरीसाठीच तर पळतोय. लेक पायरीवर पाढे लिहीत बसलेली असायची. दर फेरीला मान वर करायची आणि मी पुढे गेलो की खाली घालायची.

आमच्या कॉलनीत एक रीत होती. रात्रपाळीचा माणूस झोपला की दाराच्या कडीला जुनी लाल झेंडी अडकवायची. मग भाजीवाला भैया आवाज न करता पुढे जायचा, पोरं क्रिकेट दुसरीकडे हलवायची. ती झेंडी ओलांडायचा हक्क एकट्या कॉलमनला होता.

स्पोर्ट्स डे उजाडला तोच मी गाडीवरून उतरत होतो. साहेबांच्या हातापाया पडून तो दिवस मोकळा करून घेतला होता. बायको म्हणाली, "थोडं पडा, पाय हलके होतील." तिला पोरांना सजवायला शाळेत आधी जायचं होतं. अलार्मनं मी कधीच उठत नसे, इंजिनाच्या शिट्टीतही झोपणारा माणूस मी. म्हणून तिनं शेजारच्या रिटायर्ड ड्रायव्हरना मला उठवायला सांगितलं आणि झेंडी आठवणीनं घरातच ठेवली.

जाग आली तेव्हा ऊन स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलं होतं. दार उघडलं तर कडीला लाल झेंडी. शेजारी बाहेरच खाटेवर बसले होते. त्यांचा चेहरा पडलेला. "दो बार आया साहब. लाल झंडी थी, कैसे पार करता?"

मी पळत सुटलो. इतके महिने ज्यासाठी पळालो ते हेच पळणं होतं बहुतेक. सिव्हिल लाइन्सच्या फाटकाशी आलो तर फाटक बंद. लोक बिनधास्त दांड्याखालून वाकून जात होते. मला ते जमेना. अख्खी नोकरी अशा लोकांना शिव्या घालण्यात गेली होती. मी तिथंच जागच्या जागी पाय हलवत उभा राहिलो आणि सावकाश, वाघिणीमागून वाघीण, मालगाडी गेली. शेवटच्या डब्यात आमच्यातलाच एक गार्ड होता. त्यानं मला ओळखलं, हसला, गंमत म्हणून हिरवी झेंडी हलवली. मीही हात हलवला. तो लहान होत गेला, मग नुसता हिरवा ठिपका, मग काहीच नाही. मागे उरणाऱ्याला गार्ड असा पुसला जाताना दिसतो, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. फाटक उघडलं तरी मी क्षणभर हललो नाही.

मैदानावर खुर्च्या उचलत होते. बायको घामाघूम. "तुमचं नाव पुकारलं. मंग मीच पळली, चपला हातात घेऊन." कितवी आली ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. लेक माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "चुकलं गं. कोणीतरी दाराला झेंडी लावली."

"मीच लावली," ती म्हणाली. "मम्मी रिक्शात जाऊन बसली तेव्हा. तुम्ही इतके मस्त सोये होते."

"पण शर्यत?"

तिनं खांदे उडवले. मग माझ्या बुटांकडे बघत विचारलं, "रेस झाली ना बाबा? मतलब, आता ड्यूटी नसेल तेव्हा घरी राहाल?"

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

आम्ही तिघं चालत घरी आलो. फाटक उघडंच होतं. दुपारी बायकोनं भाकरी टाकायला घेतल्या, मी लेकीसमोर पत्ते मांडले. पत्ते हातात घ्यायच्या आधी ती उठली, बाहेर जाऊन कडीला लाल झेंडी अडकवून आली आणि दार ओढून घेतलं. आत कोणीच झोपलेलं नव्हतं.