दोन गल्ल्या पलीकडची खोली

माझा धाकटा भाऊ वजनकाटे दुरुस्त करतो. बाजाराच्या मागच्या अंगाला त्याचं दुकान आहे. दुकान म्हणायचं आपलं, आत दोन माणसं शिरली की तिसऱ्याने बाहेरूनच बोलायचं. गल्लीत सगळे त्याला 'हूं' म्हणतात, कारण काहीही विचारा, उत्तर एकच. काटा कधी मिळेल? हूं. परवा मिळेल का? हूं. मी त्याची थोरली बहीण. त्याच्या वाटणीचंही मीच बोलत आले आणि त्याबद्दल आजवर कुणी माझे आभार मानलेले नाहीत.

त्याची बायको, म्हणजे माझी भावजय, आधी बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. नऊ वर्षं तिने डबे भरले. मग कारखाना बंद पडला. पोरगी शाळेत, आणि आमचे हूं दुकानात माश्या मारत बसलेले. ओळखीतल्या एकीने परदेशात काम लावून दिलं, एका म्हाताऱ्या बाईला सांभाळायचं, तिच्याच घरात राहून. दोन वर्षांत येते म्हणून गेली. एक म्हातारी वारली की दुसरी मिळायची, दुसरीनंतर तिसरी, असं करत सोळा वर्षं तिकडेच राहिली. मधून कधी तरी यायची, पाहुणी आल्यासारखी. स्वतःच्याच घरात साखर कुठे ठेवलीये म्हणून विचारायची. पोरगी माझ्याकडे वाढली, माझ्याच दारातून लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. दर रविवारी फोन यायचा. भावजय बोलायची, हा हूं म्हणायचा, आणि शेवटी न राहवून मी फोन ओढून घ्यायची.

तिकडे तिच्या पगारातून दर महिन्याला विम्याचे पैसे कापायचे. पेन्शन हवी तर वीस वर्षं भरा, असा तिकडचा नियम. आणि ही म्हणायची, माझी कंबर काही वीस वर्षं टिकायची नाही. इकडे कारखान्यात पेन्शनसाठी कापलेलंही वर्षं कमी पडून अडकलेलं. म्हणजे दोन्हीकडे राब राब राबून हातात भोपळाच. तेवढ्यात दोन्ही सरकारांत करार झाला. इकडची वर्षं आणि तिकडची वर्षं एकत्र मोजायची, आणि ज्याने त्याने आपापल्या वर्षांपुरती पेन्शन द्यायची. मला आधी थाप वाटली. एक सरकार माणसाचं ऐकत नाही, दोन मिळून काय ऐकणार! पण खरंच मंजूर झालं, आणि भावजय बॅगा भरून कायमची परत आली.

मला वाटलं, आता सगळं मार्गी लागलं. कसलं काय. महिनाभर ती त्याच्या घरात राहिली आणि तो महिना मी पाहिलाय, तिथेच मुक्कामाला होते. रात्री हा जरा खोकला की ती झोपेतच उठायची आणि त्याला खांद्याला धरून कुशीवर वळवायची, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला वळवतात तसं. जागी झाली की तिथेच बसून राहायची. त्याला चहा दिला की तो संपेपर्यंत समोर उभी राहायची, कप घ्यायला. दोघं एकमेकांचा धक्का लागू नये म्हणून सावरून चालत, अरुंद जिन्यावर अनोळखी माणसं चालतात तसं. भांडण नाही, तंटा नाही. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

महिना संपला आणि तिने दोन गल्ल्या पलीकडे, एका शिंप्याच्या दुकानावर, खोली भाड्याने घेतली. स्वतःच्या पेन्शनमधून. मला कळलं तेव्हा मी पायातल्या चपलेसकट तिच्या खोलीत शिरले. नवरा जिवंत, घर धडधाकट, आणि ही थेरं कशाला? लोक काय म्हणतील? ती खिडकीच्या गजांना फडकं मारत होती. माझं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली,

"वन्सं, लग्न करून आले तेव्हा स्वयंपाकघरात झोपत होते. तिकडे म्हातारीच्या पायथ्याशी, दिवा चालू ठेवून. मला आता दार लावून बसायचंय. एवढंच."

मी पाय आपटत खाली उतरले आणि नातेवाइकांत सांगून टाकलं की तिचे गुडघे गेलेत, भावाच्या घरचा जिना चढवत नाही. कुणी विचारलं नाही की मग शिंप्याकडचा जिना कसा चढते. लोकांना तरी कुठे खरं हवं असतं.

आणि माझा भाऊ! चिडेल, निदान तोंड पाडेल, तर तेही नाही. रोज दुकान बंद केलं की घरी जाऊन डबा भरायचा आणि तिच्याकडे जायचा. दार वाजवायचा. तिने उघडलं की आत जाऊन बसायचा, दोघं जेवायची, आणि हा घरी परतायचा. एखाद्या दिवशी ती आतूनच म्हणायची, आज नको. मग हा डबा दाराशेजारच्या खिडकीत ठेवायचा आणि निघून यायचा. मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. अंगाचा तिळपापड झाला माझा. अरे, तू नवरा आहेस की डबेवाला, असं मी भर रस्त्यात विचारलं. हूं, म्हणाला. पण एक मात्र कबूल करते, त्या दिवसांत तो दाढी रोज करायचा. आणि एकदा मी शिंप्याकडे ब्लाउज टाकायला गेले तेव्हा वरून दोघांचं हसणं ऐकू आलं. भावाला मी लहानपणानंतर हसताना ऐकलं नव्हतं, म्हणून आधी मला वाटलं वर दुसरंच कुणी आहे.

सव्वा वर्ष असं चाललं. मग तिच्या फुफ्फुसात पाणी झालं, आणि हॉस्पिटलमध्ये आठवडाभरात ती गेली. सगळं उरकलं, पोरगी येऊन रडून परत गेली. मला रडू आलं नाही. भावाला तर नाहीच. तो दुसऱ्या आठवड्यात दुकान उघडून बसला. लोक भेटायला आले की हातातलं काम खाली ठेवायचा, ते गेले की उचलायचा. मी स्वयंपाक करायची, तो जेवायचा. मीठ जास्त झालं तरी जेवायचा, कमी झालं तरी जेवायचा. मलाही चव कळत नव्हती, त्यामुळे कोण कुणाला बोलणार.

पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांतून सुटली नव्हती. त्याचा उजवा हात थरथरायला लागला होता. इलेक्ट्रॉनिक काट्याचे स्क्रू केवढे असतात, मोहरीएवढे. ते त्याच्या हातून निसटायचे आणि तो फरशीवर गुडघे टेकून चुंबक फिरवत बसायचा. वजनमापं तपासणाऱ्या निरीक्षकाने त्याने दुरुस्त केलेले दोन काटे परत पाठवले. आधी असं कधी झालं नव्हतं. दुकान बंद करावं तर खायचं काय? पोरीच्या दारात जाऊन पडायला तो तयार नव्हता, आणि माझ्या मुलाच्या घरात मीच हॉलमध्ये झोपते.

तेव्हा पोरीने फोनवर सांगितलं की आईच्या तिकडच्या पेन्शनमधला वाटा बाबांना मिळू शकतो. करारातच आहे. तिकडे जायला नको, इकडच्या पेन्शन ऑफिसात जबाब द्यायचा, ऑफिसवाले तो तिकडे पाठवतात. म्हटलं, देव पावला. मी सगळं गोळा केलं, पोरीकडून प्रश्नही काढून घेतले. सोपे होते. लग्न कधी झालं, दुसरं लग्न केलंत का, मृत्यूच्या वेळी एकत्र राहत होतात का.

या तिसऱ्या प्रश्नाची मी त्याच्याकडून उजळणी करून घेतली. तो जेवत असताना विचारायची, एकत्र राहत होतात का? हूं. हूं नाही, 'हो' म्हण. हूं. अरे बाबा, सरकारी ऑफिसात हूं लिहीत नाहीत! मग त्याने एकदाचं 'हो' म्हटलं आणि मी त्याला आणखी भात वाढला.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. लांब दालन, टेबलांच्या रांगा, आणि करारांचं काम बघणाऱ्या मॅडमचं टेबल अगदी शेवटी, पाण्याच्या यंत्राशेजारी. मॅडम तरुण होत्या, बोलायला चांगल्या. काका, काकू, बसा म्हणाल्या. तिकडून आलेले छापील प्रश्न समोर ठेवून एकेक विचारत होत्या आणि उत्तर लिहीत होत्या. हा नीट उत्तरं देत होता, मी मनातल्या मनात हुश्श करत होते. मग तो प्रश्न आला.

"नव्हतो," भाऊ म्हणाला.

मी त्याला कोपर मारलं. मॅडमनी पेन उचलून धरलं. त्यांना वाटलं, काकांना प्रश्न कळला नाही. त्यांनी समजावून सांगितलं की ती सोळा वर्षं परदेशात होती ते धरायचं नाही. कामासाठी वेगळं राहणं म्हणजे वेगळं राहणं नव्हे, नियमात ते एकत्रच धरतात. प्रश्न फक्त ती परत आल्यानंतरचा आहे. भावाने मान हलवली. मग सांगितलं की परत आल्यावर ती दोन गल्ल्या पलीकडे राहत होती, भाड्याच्या खोलीत.

"गुडघे हो तिचे," मी मध्ये पडले. "जिना चढवत नव्हता."

मॅडमचा चेहरा खुलला. आजारपणामुळे वेगळं राहावं लागलं असेल तर अडचणच नाही, त्याला वेगळा रकाना आहे, म्हणाल्या. त्या तिथे लिहायलाही लागल्या. खोटं बोलले मी, पण कुणाचं घर बुडवलं नव्हतं.

"तिचे गुडघे चांगले होते," भाऊ म्हणाला. "तिला खोली हवी होती."

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि आवाज उतरवून विचारलं, "काका, तुम्ही रोज जात होता ना तिकडे? जेवायला?"

"रोज."

"मग ते एकत्रच झालं की. एकच संसार, दोन खोल्या, असं लिहू?"

मी त्याच्याकडे बघत होते. इतका वेळ पाण्याच्या यंत्राकडे पाहणाऱ्या त्याने आता मॅडमकडे पाहिलं. मी त्याला एका दमात एवढं बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

"सोळा वर्षं आम्ही वेगळे होतो, ती तुम्ही एकत्र धरता. सव्वा वर्षच काय ते आम्ही एकत्र होतो, ते वेगळं धरता. धरा, नियम तुमचा आहे. पण ती खोली माझ्या संसारातली नव्हती. ती तिची होती. मी दार वाजवून आत जायचो."

मॅडमनी 'नाही'च्या चौकटीत खूण केली, कागद फिरवून त्याच्यासमोर ठेवला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. सही वेडीवाकडी आली.

जिन्यावर मी त्याला गाठलं. तीन मजले मी त्याला फाडून खाल्लं. म्हटलं, हात चालत नाही तुझा, काटे परत येतात, उद्या अंथरुणाला खिळलास तर तुझं करायचं कुणी, त्या मॅडम येणार आहेत का? परकी पोर तुझ्यासाठी वाट काढत होती आणि तू हरिश्चंद्राचा अवतार होऊन बसलास. खाली दारापाशी आलो तेव्हा मला धाप लागली होती.

"एक हो म्हणायला काय जात होतं रे तुझं?"

तो थांबला. मला दम खाऊ दिला.

"माझं काही गेलं नसतं, ताई. तिचं गेलं असतं."

मला रडू तिथे आलं, ऑफिसच्या दारात, येणारी-जाणारी माणसं बघत असताना. भावजयीसाठी आलं की स्वतःसाठी, ते मला सांगता यायचं नाही. तो शेजारी उभा राहिला, माझं होईपर्यंत.

काही महिन्यांनी तिकडून उत्तर आलं, वाटा नामंजूर म्हणून. तो ते वाचून दुकानात गेला. आता दुपारची मी जाऊन बसते तिथे. बारीक स्क्रू मी चिमट्यात धरते, तो फिरवतो. माझी नजर अजून शाबूत आहे. रागही शाबूत आहे, तो काही गेलेला नाही.