पाताळधुंडी आकाशात निघतो

विमानतळावर त्याला सगळे पाताळधुंडी म्हणत. खालमुंडी पाताळधुंडी ही म्हण खरं तर आतल्या गाठीच्या माणसासाठी, आणि हा इतका भोळा की त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. पण मुंडी खाली होती हे मात्र खरंच. रोज उजाडता उजाडता, पहिलं विमान सुटायच्या आधी, धावपट्टीवरून चालायचं आणि पडलेलं काय असेल ते वेचायचं, हे त्याचं अठ्ठावीस वर्षांचं काम. खडा, खिळा, तारेचा तुकडा, बॅगेचं तुटकं चाक, काहीही. एवढं थोरलं विमान, पण त्याच्या इंजिनाला साधा खडा पचत नाही, आणि चाकाखाली पत्रा आला तर टायर फाटतो.

सहा जण आडवी ओळ धरून निघत आणि तीन किलोमीटरची धावपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेनं विंचरून काढत. प्रत्येकाची आपापली पट्टी ठरलेली. डावीकडून तिसरी ती याची. मधली पांढरी रेघ त्याच्या वाट्याला यायची, आणि विमानाचं पुढचं चाक नेमकं त्याच रेघेवरून धावतं याचा त्याला कोण अभिमान! पाहुणे आले की चहा उकळायच्या आत तो ही गोष्ट सांगून मोकळा होई.

असा हा माणूस विमानात मात्र एकदाही बसला नव्हता. कारण विचारलं की म्हणे, "जायचंच कुठे होतं?"

आता जायचं होतं. त्याच्या बायकोनं उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी धुण्यात तिची तेवीस वर्षं गेली होती. पाणी म्हणजे तिच्या लेखी साबणाचं आणि नळाचं. यंदा लेकीला शाळेतून सहा दिवसांची सुट्टी मिळाली. तिनं आईला विचारलं, कुठे जाऊ या? आई लाजत म्हणाली, "समुद्र." आणि समुद्र तिथून सोळाशे किलोमीटर.

लेकीनं फळ्यावर लिहावं तसं फ्रिजवर एका कागदावर लिहून लावलं. गाडीनं दोन दिवस, विमानानं दोन तास.

"गाडीनंच जाऊ," पाताळधुंडी म्हणाला.

"बाबा, दोन दिवस जायला, दोन यायला. मधे राहिले दोन. आई समुद्राला हात लावून परत."

"रस्त्यात काय पडलंय ते दिसतं तरी."

"तेच तर! तुम्ही रस्त्यात काय पडलंय ते बघता. मावशीकडे जाताना अकरा वेळा गाडी थांबवलीत. खिळे वेचायला! तुम्ही चालवत नेलंत तर आम्ही पोचेपर्यंत समुद्र आटलेला असेल."

बायको खो खो हसली. तोही हसला, पण कागदावरून त्याची नजर हटेना. रात्रीच्या जेवणानंतर त्यानं कपाटावरचा बिस्किटांचा जुना डबा काढून टेबलावर पालथा केला. खळकन् आवाज झाला आणि स्क्रू, वॉशर, चकत्या, स्प्रिंगा यांचा ढीग पडला. वेचलेल्या वस्तूंची नोंद झाली की जे कुणाच्या कामाचं नसे ते साहेब त्याला ठेवू देत.

"हे बघा," तो म्हणाला. "हे सगळं विमानांतून गळलेलं. एवढे स्क्रू पडल्यावर वर काय शिल्लक राहत असेल?"

मायलेकींनी ढिगाकडे पाहिलं. डबाच तेवढा मोठा होता.

पण लेक मास्तरीण, ती ऐकून घेणारी नव्हे. रविवारी तिनं विमानतळावरच्या मिस्त्रीकाकांना चहाला बोलावलं. विमानं दुरुस्त करण्यात त्यांचे केस पिकले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, ढिगात बोटं घातली आणि एकेक वस्तू बाजूला टाकू लागले. "हा बॅगेच्या मुठीचा. हा सामानाच्या ट्रॉलीचा. हा दिव्याच्या खांबाचा. ही स्प्रिंग तर पेनातली आहे, अरे!" शेवटी ढीग संपला. "विमानाचं यात काहीच नाही. वेड्या, विमानाचा स्क्रू सापडला असता तर तो साहेबांनी तुला बिस्किटाच्या डब्यात ठेवायला दिला असता का? त्याची चौकशी बसली असती."

"ऐकलंत?" लेक म्हणाली.

पाताळधुंडीचा चेहरा उजळायच्या ऐवजी आणखी पडला. "म्हणजे विमानाचे मला सापडलेच नाहीत," तो पुटपुटला.

मिस्त्रीकाकांनी कपाळाला हात लावला, चहा संपवला आणि निघून गेले. लेक वैतागून आत गेली. बायको मात्र तिथेच बसून राहिली. बत्तीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळलं होतं, की हा माणूस स्क्रूला भीत नाही.

"काय ते सांगा आता," ती म्हणाली.

त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे असं मी वर म्हटलं, पण एक तीळ भिजला होता, आणि सात वर्षं भिजत होता. त्या वर्षी एका सकाळी विमान उतरलं आणि बोटभर पत्र्यानं त्याचा टायर फाडला. विमान डगमगलं, तिरकं झालं, थांबलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. चौकशीत निघालं की पत्रा ओळ चालून गेल्यानंतर पडला असावा, दोष कुणाचाच नाही. पण तो पडला होता तिसऱ्या पट्टीत.

"चौकशीवाले म्हणाले, 'असावा'," तो बायकोला म्हणाला. "असावा म्हणजे काय गं? मला नाही वाटत तो नंतर पडला. मीच त्याच्यावरून चालत गेलो असेन. त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं, लेकीच्या परीक्षेचा निकाल होता. एकदा सुटला म्हणजे किती सुटले असतील? तुम्हाला दोघींना मी त्या पट्टीवरून कसा नेऊ?"

बायकोला राग आला होता, आणि कीवही आली होती. दोन्हींतलं आधी काय बाहेर काढावं हे ठरेपर्यंत तिनं टेबलावरचे स्क्रू डब्यात भरले.

"मी चादरी झटकते," ती म्हणाली. "मशीनमध्ये टाकायच्या आधी. का, तर कुणाची सुई अडकलेली असते, कुणाचं ब्लेड. रोज दोनशे चादरी. एखादी सुई माझ्याही हातून सुटत असेल. मागच्या वर्षी मी त्याच हॉस्पिटलात आठ दिवस पडून होते. कुठल्या चादरीवर?"

त्यानं मान वर केली.

"मीच धुतलेल्या. आणि मला गाढ झोप लागत होती, अहो. रोज दुसऱ्यांच्या लेकराबाळांना तुमच्या भरवशावर सोडता. मग आम्हीच काय घोडं मारलंय?"

सकाळी उठून त्यानंच फ्रिजवरचा कागद काढला आणि लेकीला म्हणाला, "विमानानंच जाऊ."

निघायच्या दिवशी मात्र मायलेकी उठून बघतात तर अंथरुणात पाताळधुंडी नाही. त्यांचं विमान सकाळचं पहिलंच होतं, आणि हा पठ्ठ्या रजा मंजूर असताना ओळीत जाऊन उभा राहिला होता. साहेब म्हणाले, "लोक कामावर असून रजा काढतात, तू रजेवर असून कामाला आलास!" सोबती हसले. पण तो तिसऱ्या पट्टीत शिरला तेव्हा उरलेल्या पाचांनी न बोलता पावलं आखडली. त्या दिवशी ओळ एवढी सावकाश चालली की साहेबांना दोनदा घड्याळ बघावं लागलं. त्याला एक वाळूचा खडा सापडला. बस्स, एकच.

विमानतळाच्या दारात मायलेकी बॅगा घेऊन ताटकळल्या होत्या. हा आला तो बुटांवर धूळ आणि मुठीत खडा घेऊन. लेकीनं तोंड उघडलं, आईनं तिचा हात दाबला.

विमानाच्या शिडीपाशी त्यानं सवयीनं वाकून जमीन पाहिली आणि मागची रांग तुंबली. "अहो, चला," बायको म्हणाली, आणि तिनं खिडकीची जागा त्याला दिली. समुद्र तिला बघायचा होता, तरी दिली.

विमान वळलं आणि धावपट्टीच्या टोकाशी उभं राहिलं. इथूनच तो रोज चालायला सुरुवात करी. ओळखीचा तडा दिसला, डांबराचं ठिगळ दिसलं. मग अंगाखाली काहीतरी प्रचंड जागं झालं. पाठ खुर्चीला चिकटली. अठ्ठावीस वर्षं हा आवाज त्यानं कुंपणाजवळून, कानांवर हात ठेवून ऐकला होता. आज तो त्याच्या बरगड्यांतून जात होता. त्यानं डोळे मिटले आणि कान पायांत नेले. आता वाजेल. आता खट् होईल. आता.

ज्या वाटेला त्याला तास-सव्वा तास लागे ती अर्ध्या मिनिटात त्याच्या पायांखालून वाहून गेली. एवढं ओझं, एवढी माणसं, कुणाची म्हातारी आई, कुणाचं तान्हं पोर, सगळी त्याच्या रेघेवरून धावत होती आणि कुणाला त्या रेघेचा पत्ताही नव्हता. मागे कुणीतरी जांभई दिली. आणि एकाएकी खालचा खडखडाट थांबला. जमीन सुटली होती.

त्यानं डोळे उघडून खाली पाहिलं. बघायचं तर खालीच, दुसरं त्याला येतं काय! कुंपणाजवळ पाच ठिपके उभे होते, माना वर करून. पाचही जण हात हलवत होते. धावपट्टी आधी सतरंजीएवढी झाली, मग फितीएवढी, आणि तिच्यावर केसासारखी पांढरी रेघ. ही? हिच्यावर मी आयुष्यभर चाललो? एवढ्याशा जागेवरून एवढं मोठं आकाश सुरू होतं, हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले, आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही.

"काय झालं हो?" बायकोनं घाबरून त्याचा हात धरला. त्या मुठीत अजून खडा होता.

"काही वाजलं नाही गं," तो म्हणाला. "तू ऐकलंस ना? काहीच वाजलं नाही."